रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल तर: मनगटात दबलेली नस कशी ओळखायची आणि काय करायचं

पहाटे दोन-तीनच्या सुमारास हात बधिर होऊन जाग येते. बोटं जड आणि सुजल्यासारखी वाटतात, पण दिवा लावून बघितलं तर सूज दिसत नाही. हात झटकला, खाटेवरून खाली सोडला की पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं आणि पुन्हा डोळा लागतो. असं महिनोन्‌महिने चालतं. घरात त्याला कोणी वात म्हणतं, कोणी गॅस, कोणी "अंगात रक्त कमी आहे" म्हणतं, आणि मेडिकलमधून आणलेल्या ताकदीच्या गोळ्यांवर वर्ष निघून जातं.

मी कोकणात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. काजूच्या कारखान्यातल्या, कोळंबी सोलायला जाणाऱ्या, घरचं आणि बागेचं सगळं ओढणाऱ्या बायका हेच गाऱ्हाणं घेऊन येतात: "रातीचो हात मेल्यासारखो होता." पुरुषही येतात, पण बहुतेकदा फार उशिरा. या त्रासाचं एक फार मोठं कारण म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम, मनगटात नस दबण्याचा आजार. लवकर ओळखला तर पुष्कळांचं रात्रीच्या एका पट्ट्यावर भागू शकतं. अंगठ्याखालचा मांसल भाग सुकेपर्यंत थांबलं तर ऑपरेशन करूनही गेलेली ताकद पूर्ण परत येईल असं कोणी सांगू शकत नाही. या दोन टोकांमध्ये जो वेळ असतो तो वाया जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मनगटात काय होतं

मनगट संपून तळहात सुरू होतो तिथे एक अरुंद बोगदा आहे. त्याच्या तळाशी आणि दोन्ही बाजूंना मनगटाची छोटी हाडं, आणि वरून लिगामेंटचं, म्हणजे हाडांना हाडं बांधणाऱ्या पट्ट्याचं, जाड, ताठ छत. या बोगद्यातून बोटं मिटवणारे नऊ टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर, जातात आणि त्यांच्या सोबत एक नस, मेडियन नर्व्ह. ही रक्ताची नस नव्हे. स्पर्श कळवणारी आणि स्नायूंना हुकूम पोचवणारी आहे. होडीच्या कडीतून ओवलेले सुंभाचे दोर भिजून फुगले की मधला बारीक धागा चेपतो, तसं टेंडनवरचं आवरण जाड झालं की नस चेपते. मनगट आत किंवा बाहेर वाकलं की हा दाब कैक पटींनी वाढतो. झोपेत आपण मनगट दुमडून, गालाखाली किंवा उशीखाली घेऊन तासन्‌तास पडतो. म्हणून त्रास रात्री उठतो.

पायरी पहिली: कागदावर हात काढा

एका कोऱ्या कागदावर हात पालथा ठेवून पेन्सिलीने कडेची रेघ मारा. दोन-तीन रात्री जाग आल्यावर नीट लक्ष द्या, नेमक्या कोणत्या बोटांना मुंग्या येतात, आणि सकाळी तेवढाच भाग रंगवा. हे काम पोरखेळ वाटेल, पण डॉक्टरांच्या हातात हा कागद दिलात तर अर्धं निदान तिथेच होतं.

मेडियन नर्व्ह अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी तिच्याकडे नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी करंगळीचा असतो. बाकीची बोटं बधिर आणि करंगळी शाबूत असेल तर संशय मनगटावर जातो. फक्त करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर ती दुसरी नस, आणि ती बहुतेकदा कोपराशी दबलेली असते. मनगटाचा पट्टा तिथे काही करणार नाही. आणखी एक खूण: अंगठ्याच्या उंचवट्यावरच्या कातडीचा स्पर्श या आजारात सहसा जात नाही, कारण तिथली शाखा बोगद्यात न शिरता वरून जाते. दुखणं मात्र मनगटापुरतं राहत नाही. ते कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत चढतं आणि त्यामुळे पुष्कळ जण मानेचा एक्स-रे काढून बसतात.

पायरी दुसरी: घरच्या घरी दोन चाचण्या

टेबलावर किंवा ओटीच्या कठड्यावर कोपर टेकवा, हात उभा ठेवा आणि मनगट सैल सोडून तळहात खाली लोंबू द्या. जोर लावायचा नाही. ६० सेकंद घड्याळ लावा. तेवढ्यात अंगठा ते मधलं बोट या भागात मुंग्या आल्या तर चाचणी होकारार्थी धरायची. अमेरिकेतले हाताचे सर्जन जॉर्ज फॅलन यांच्या नावाने ती ओळखली जाते. १९५० च्या दशकात त्यांनी या आजाराकडे डॉक्टरांचं लक्ष वेधलं.

दुसरी चाचणी घरातल्या कोणाकडून करून घ्या. मनगटावरच्या घडीच्या जरा पुढे, तळहाताच्या मुळाशी मध्यभागी त्यांनी अंगठ्याने ३० सेकंद दाबून धरायचं. मुंग्या आल्या तर तीही होकारार्थी. दोन्ही चाचण्या चुकू शकतात. नकारार्थी आल्या म्हणून रात्रीचा त्रास खोटा ठरत नाही.

आता याहून महत्त्वाची गोष्ट. दोन्ही तळहात शेजारी उजेडात धरा आणि अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा बघा. एका हाताचा चपटा दिसतो का, हाड जाणवतं का? मग तळहात वर करून हात टेबलावर ठेवा, अंगठा सरळ छताकडे उचला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तो खाली दाबायचा प्रयत्न करा. दोन्ही अंगठ्यांच्या ताकदीत उघड फरक असेल, ब्लाउजचे हूक लावता येत नसतील, सुईत दोरा ओवताना सुई बोटात असल्याचंच कळत नसेल, तर पुढच्या घरगुती पायऱ्यांवर वेळ घालवू नका. थेट ऑर्थोपेडिक किंवा न्यूरॉलॉजी तज्ज्ञाकडे जा.

दुसरं काही नाही ना?

हात एकाएकी लुळा पडला, सोबत तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. डावा हात दुखतो आणि छातीत दाब वाटतो, घाम सुटतो, तर हृदयाचा. दोन्ही वेळा १०८ ला फोन करायचा, मनगटाचा विचार करायचा नाही.

मुंग्या आधी पायांच्या तळव्यांना सुरू झाल्या आणि मग हातांना, तर मधुमेह किंवा बी-१२ ची कमतरता तपासायला हवी. मान फिरवली की हातात कळ जात असेल तर मानेतली नस. अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखतं, मुलाला उचलताना कळ येते पण बधिरपणा नाही, तर तो टेंडनचा वेगळा आजार आहे.

आणि एक नाव लोक घ्यायला कचरतात, म्हणून मी मुद्दाम घेते: कुष्ठरोग. रायगड, पालघर या भागांत आजही त्याचे रुग्ण सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्या चट्ट्यावर स्पर्श न कळणं, कोपराच्या आतल्या बाजूला नस दोरीसारखी जाड लागणं, हाताला चटका बसून फोड आला तरी दुखलं नाही, अशी लक्षणं असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन स्पष्ट सांगा. औषध सरकारी केंद्रात मोफत मिळतं, आजार बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर संसर्गाची भीती लवकरच संपते. लाजेपायी बोटं गमावण्याइतकं वाईट काही नाही.

हा त्रास कोणाला होतो

बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, आणि चाळिशी-पन्नाशीत सर्वाधिक. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, संधिवात, वाढलेलं वजन, पूर्वी मनगट मोडलेलं असणं ही शरीराची कारणं. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत अंगात पाणी साचतं तेव्हा पुष्कळ जणींना होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा आपोआप जातो. त्यांनी पट्टा वापरावा आणि बाळाला पाजताना मनगट दुमडून डोक्याचा भार त्यावर घेऊ नये. हाताखाली उशी घ्यावी. गरोदरपणात गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको.

कामाची कारणं तीन: जोर, तीच हालचाल पुन्हा पुन्हा, आणि कंप. तिन्ही एकत्र आली की धोका वाढतो. कोकणातली कामं या मापाने बघा. काजूबी फोडायच्या मशिनचा दांडा दिवसभर ओढणं, मग गरावरची साल चिमटीत धरून छोट्या सुरीने काढणं. बर्फातल्या कोळंब्या सोलणं. गारठलेल्या बोटांना पकड कळत नाही म्हणून आपण गरजेपेक्षा जास्त दाबतो. मासेमारीच्या पावसाळी बंदीत खळ्यात बसून जाळी शिवणं. आडाळ्यावर नारळ खवणं. पाऊस संपला की आंब्या-काजूच्या बागेत ग्रासकटर चालवणं, चिरेखाणीत कटिंग मशीन धरणं. ही दोन्ही कंपाची कामं आहेत आणि ती करणारे तरुण पुरुष हात बधिर झाल्याचं घरी सांगतसुद्धा नाहीत. त्या मानाने कॉम्प्युटरच्या कीबोर्डचा दोष लोक मानतात तेवढा सिद्ध झालेला नाही. जोराच्या आणि कंपाच्या कामाचा पुरावा जास्त भक्कम आहे. मला याचं वाईट वाटतं की या आजाराचं बोलणं बहुधा ऑफिसातल्या लोकांभोवतीच फिरतं आणि कारखान्यातल्या बाईला वाटतं, हा आपला आजार नाहीच.

पायरी तिसरी: रात्रीचा पट्टा

लक्षणं येऊन-जाऊन असतील आणि अंगठा सुकलेला नसेल तर उपचाराची सुरुवात इथून करायची. मेडिकलमध्ये "रिस्ट स्प्लिंट" मागा. काहीशे रुपयांना मिळतो. नुसता लवचिक बँड किंवा क्रेप बँडेज चालणार नाही, कारण त्याने मनगट वाकायचं थांबत नाही. आत तळहाताच्या बाजूला धातूची पट्टी असलेलाच घ्या. घेताना मनगटाचा घेर मोजून जा आणि डाव्या-उजव्याची खात्री करा.

दुकानातल्या पुष्कळ पट्ट्यांमधली धातूची पट्टी मागच्या बाजूला वाकवलेली असते. ती तशीच ठेवली तर मनगट मागे वाकलेलं राहतं आणि दाब कमी होत नाही. पट्टी खिशातून काढा, गुडघ्यावर दाबून जवळजवळ सरळ करा आणि परत घाला. मनगट ना वर ना खाली, हाताच्या रेषेत सरळ. या एका गोष्टीने पट्टा लागू पडतो किंवा पडत नाही, आणि ती दुकानदार सांगत नाही.

पट्टा बांधल्यावर मूठ पूर्ण मिटली पाहिजे, बोटांची पेरं मोकळी राहिली पाहिजेत. खाली एक बोट सहज सरकेल इतकाच घट्ट. आपल्या दमट हवेत त्याखाली घाम येतो, खाज सुटते आणि लोक चौथ्या दिवशी पट्टा खुंटीला लावतात. जुन्या सुती मोज्याचा पुढचा भाग कापून त्याची बाही करा आणि ती आधी चढवा. पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून अशा दोन-तीन ठेवा. पट्टा धुताना धातूची पट्टी काढून ठेवा, नाहीतर खाऱ्या हवेत ती गंजते.

रोज रात्री, सलग किमान सहा आठवडे. दिवसा घालून काम करू नका. त्याने मनगट अडतं आणि जोर खांद्यावर जातो. दोन्ही हातांना त्रास असेल तर दोन पट्टे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाग आलेल्या रात्रीला फुली मारत जा. पहिल्या दोन आठवड्यांत फुल्या विरळ होऊ लागल्या तर तुम्ही योग्य वाटेवर आहात. सहा आठवड्यांनंतरही फुल्या तेवढ्याच असतील तर पुढची पायरी घ्यायची, आणखी सहा महिने आशेवर राहायचं नाही.

पायरी चौथी: कामाची पद्धत बदला

काम सोडा असं सांगणं सोपं आहे; हंगामाच्या चार महिन्यांवर वर्ष काढणाऱ्या घराला ते सांगण्यात अर्थ नाही. म्हणून जे जमू शकतं तेवढंच लिहिते.

नारळ रोज थोडा थोडा खवा, सणाला पाच-सहा एकदम नको. वाटणासाठी तुकडे करून मिक्सरला लावले तरी चालतात. आडाळ्यावर खवलेल्या खोबऱ्याची चव वेगळी, हे मलाही कबूल आहे, पण रोजच्या आमटीपुरती सवलत घ्या. धुतलेल्या चादरी पिळू नका, निथळत टाका. पिळण्यात जोर आणि वाकलेलं मनगट दोन्ही येतात. भाकरी थापताना तळहाताच्या मुळाचा भार बरोबर त्या बोगद्यावर पडतो. बोटांनी थापा, किंवा महिनाभर घरातल्या दुसऱ्या कोणाला थापू द्या. सुरी, कोयता, जाळ्याची सुई यांच्या बारीक मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा कापड गुंडाळून ती जाड करा. जाड मुठीला पकडायला जोर कमी लागतो. धार मात्र नेहमी लावलेली हवी. बोथट सुरी हाताची वैरी.

कारखान्यात मुकादमाशी बोलून दांडा ओढायचं काम आणि निवडायचं काम आलटून पालटून मागा. अर्धा-पाऊण तासाने दोन मिनिटं हात खाली सोडून बोटं उघडा-मिटा. कोळंबीवाल्यांनी रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घालावेत आणि मधून मधून हात कोमट पाण्यात धरावेत. ग्रासकटरवाल्यांनी जाड गादीचे मोजे घालावेत, दांडा आवळून न धरता सैल धरावा, पातं बदलत राहावं आणि सलग टाकी संपेपर्यंत चालवू नये. मोटरसायकलवर घाट चढताना बोटं बधिर होत असतील तर हँडल असं बसवून घ्या की मनगट सरळ राहील.

बोटं बधिर असताना तव्याचा, गरम दुधाचा अंदाज त्या हाताने घेऊ नका. गरम विटेने किंवा मिठाच्या पुरचुंडीने शेकताना भाजल्याचं कळत नाही आणि मधुमेह असेल तर ती जखम चिघळते. तेल लावून हलकी मालिश केली तर बरं वाटेल, त्याला माझी ना नाही. पण मालिशने बोगदा रुंद होत नाही. मनगट ओढून "नस बसवून" घेऊ नका. आठवडी बाजारातल्या पुड्या खाऊ नका, त्यांत काय आहे हे कळायला मार्ग नसतो. बी-६ च्या गोळ्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि त्या महिनोन्‌महिने जास्त मात्रेत घेतल्या तर उलट नसांनाच इजा होते. वेदनाशामक गोळ्यांनी या आजारात फारसं काही होत नाही. पोट आणि मूत्रपिंड मात्र बिघडतात.

व्यायाम एकच सांगते, टेंडन मोकळे सरकण्याचा. मनगट सरळ ठेवून बोटं ताठ करा. मग फक्त पेरं दुमडून आकडा करा. मग पूर्ण मूठ. मग पुन्हा ताठ. हळूहळू, प्रत्येक स्थितीत चार-पाच सेकंद थांबून, दिवसातून तीनदा पाच-पाच वेळा. मुंग्या वाढल्या तर बंद. याचा पुरावा पट्ट्याइतका भक्कम नाही, पण हात आखडत नाही. त्रास चालू असताना मऊ चेंडू दाबायचा व्यायाम करू नका. ताकद वाढेल या समजुतीने लोक तो करतात आणि बोगद्यातला दाबच वाढवतात.

पायरी पाचवी: तपासण्या

डॉक्टरांकडे जाताना रंगवलेला कागद, फुल्यांचं कॅलेंडर आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या. रक्तात साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून सुरुवात करता येते. साखर वाढलेली सापडली तर ती आटोक्यात आणणं हाही हाताचाच उपचार आहे. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर मुंग्या कमी झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

नस किती दबली आहे हे मोजायला नर्व्ह कंडक्शन टेस्ट करतात. विजेचे अगदी सौम्य धक्के देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघतात. टोचल्यासारखं वाटतं, पण इजा होत नाही. सगळ्यांना लागत नाही. लक्षणं स्पष्ट असतील तर पट्टा आधी सुरू करता येतो. पण ऑपरेशनच्या आधी, किंवा मानेचा संशय असेल तेव्हा, ती करून घेतलेली बरी. हे यंत्र प्रत्येक तालुक्याच्या गावात नसतं. रत्नागिरी, कोल्हापूर, मुंबई किंवा सिंधुदुर्गकरांना जवळ पडणारं बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, कुठेही जायचं तर आधी फोन करून दिवस आणि वेळ विचारा. एसटीचा अख्खा दिवस फुकट जायला नको.

पायरी सहावी: इंजेक्शन

पट्ट्याने भागलं नाही, किंवा त्रास इतका आहे की झोपच नाही, तर बोगद्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देतात. स्टेरॉइड शब्दाला घाबरू नका. ही एकाच जागी दिलेली छोटी मात्रा असते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या तुलनेत, २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या, सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांना पट्टेवाल्यांपेक्षा जास्त आराम होता, पण सहा महिन्यांनी दोघांत फरक उरला नव्हता. म्हणजे आराम लवकर हवा असेल तर इंजेक्शन चांगलं, कायमचा इलाज म्हणून त्याच्याकडे बघू नये. लग्नसराई, परीक्षा, हंगामाचा शेवट अशा वेळी ते उपयोगी पडतं. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, तेव्हा घरी तपासत राहा. आराम संपला म्हणून पुन्हा पुन्हा टोचून घेत राहणं मला पटत नाही. दुसऱ्यांदा त्रास उलटला की ऑपरेशनचं बोलणं करावं.

पायरी सातवी: ऑपरेशन

अंगठा सुकू लागला आहे, बधिरपणा येऊन-जाऊन न राहता दिवसभर टिकतो, टेस्टमध्ये नस जास्त दबलेली दिसते, किंवा पट्टा आणि इंजेक्शन दोन्ही करून झालं, अशा वेळी ऑपरेशन करायचं. "नस कापतात" ही भीती गावोगाव आहे. नस कापत नाहीत. नसेवरचं लिगामेंटचं छत उभं चिरतात, म्हणजे बोगदा मोकळा होतो. हात तेवढाच बधिर करून साधारण १५-२० मिनिटांत होतं आणि त्याच दिवशी घरी येता येतं. दुर्बिणीतूनही करतात, त्यात कामावर जरा लवकर परतता येतं, पण वर्षभराने दोन्हींचा निकाल सारखाच असतो. तेव्हा जवळ ज्या सर्जनचा हात साध्या पद्धतीत बसलेला आहे तोच चांगला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मानमध्ये बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

वेळ कधी निवडायची? इथे प्रत्येक घर म्हणतं, आंबा होऊ दे, लावणी होऊ दे, गणपती होऊ देत. अंगठा सुकलेला नसेल तर हंगाम बघून ठरवायला हरकत नाही. पण लावणीच्या आधल्या पंधरवड्यात करू नका. ताजी जखम चिखलात गेली तर पू होतो. मासेमारी करणाऱ्यांनी जून-जुलैच्या बंदीत केलं तर बोटीवरचा रोज बुडत नाही, फक्त त्या काळात जाळी दुसऱ्याने शिवायची. अंगठा सुकू लागला असेल तर मात्र हंगाम बघू नका. नस भरून यायचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर असतो, आणि सुकलेला स्नायू फार काळ वाट बघत नाही.

ऑपरेशननंतर

पहिले दोन-तीन दिवस हात छातीच्या वर ठेवा. झोपताना उशीवर, चालताना झोळीत. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात, तोवर जखम कोरडी. प्लास्टिकची पिशवी बांधून आंघोळ करा, पण नंतर पिशवी लगेच काढा, आत घाम साचतो. जेवणं, केस विंचरणं, फोन धरणं लवकर जमतं. हंडा उचलणं, दांडा ओढणं, कोयता चालवणं यांना सहा ते आठ आठवडे द्या.

रात्रीच्या मुंग्या पुष्कळदा पहिल्याच आठवड्यात जातात. दिवसभराचा बधिरपणा मात्र महिन्यांच्या हिशेबाने उतरतो, जुना असेल तर वर्षही लागतं, आणि थोडा राहूही शकतो. तळहाताच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दुखतं, पकड सैल वाटते. हे बहुतेकांना होतं आणि साधारण तीन महिन्यांत निवळतं. त्याला ऑपरेशन फसलं असं समजू नका. जखम सुकल्यावर व्रणावर खोबरेल लावून गोल गोल चोळल्याने तो मऊ पडतो. ताप आला, जखमेतून पू किंवा पाणी आलं, लाली हातावर चढू लागली, किंवा आधी शाबूत असलेलं बोट बधिर झालं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनकडे जा.

दोन्ही हातांना आजार असेल तर जास्त बिघडलेला हात आधी करून घ्या आणि दुसऱ्याला रात्रीचा पट्टा चालू ठेवा. पहिल्या हाताने पाण्याचा भरलेला तांब्या नीट धरता येऊ लागला की दुसऱ्याची तारीख घ्यायला हरकत नाही.